नेटवरच्या बाया आणि भिंतीपलीकडच्या खाला

लातूरच्या क्लासमधून मी सुट्टीला नांदेडला आले, तेव्हा घरात ताईच्या नोकरीवरून कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. लातूरच्या भूकंपातले जखमी पाहिल्यापासून ताईला नर्सच व्हायचं होतं, आणि ती झालीही. आता सौदीतल्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं होतं. होकार की नकार, ते त्याच संध्याकाळी हैदराबादच्या एजंटला फोनवर कळवायचं होतं.

अण्णा शिक्षक. त्यांना सगळ्याचा पुरावा लागायचा. मला म्हणाले, "तिथल्या बाया कशा राहतात, दाखव बरं तुझ्या त्या नेटवर."

मी क्लासमधली हुशार पोरगी! तोऱ्यात घरच्या कंप्युटरला फोनची तार जोडली आणि इंग्रजीत 'अरब बाई' असं टाकलं. चित्रं सावकाश उतरू लागली. काळ्या कपड्यातले नुसते डोळे. मग बेड्या घातलेले हात. मग उघड्या पोटानं नाचणाऱ्या बाया. अण्णांचे कान लाल झाले.

"इथं पाठवू लेकीला?"

ताई दारात उभी होती.

तेवढ्यात शेजारच्या खाला नेहमीसारख्या तिच्याकडून बीपी मोजून घ्यायला आल्या. चष्मा पुसून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "या कोण गं?"

"अरब बाया," मी म्हणाले.

"मग मी कोण हाय?" खालांचा आवाज चढला. "माझा पणजोबा निजामाच्या फौजेत कुठून आला? अरबस्तानातूनच ना? आम्हाला चाऊस म्हणतात ते कशापायी? यातली एक तरी माझ्यावानी दिसून राहिली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीला भिंत लागून राहणारी अरब बाई सोडून मी नेटवर शोधत बसले होते!

"तुमचं वेगळं, खाला. तुम्ही आपल्या," अण्णा पुटपुटले आणि चपला घालून बाहेर पडले.

ताईनं खालांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. बीपी वाढलंच होतं. मग मला विचारलं, "तू काय टाकलं होतंस?"

मी सांगितलं.

"नुसतं बाई? नर्स टाकायचं ना गं. मी ज्यांच्यासोबत काम करणार, त्या."

टाकलं. जाड चष्म्याच्या, दमलेल्या, पेशंटचा हात धरून उभ्या असलेल्या बाया एकामागून एक आल्या. अण्णांना बोलवायला मी तशीच अनवाणी धावले. घरचा फोन नेटनं अडवलेला; कोपऱ्यावरच्या एसटीडीतून अण्णा बाहेर येत होते.

"नको म्हणून कळवलं," ते म्हणाले.

आता हे ताईला मलाच जाऊन सांगायचं होतं.