साडू बोटीवरून उतरतात

अत्यंत गांभीर्याने, आणि शक्य असल्यास वाचकांनी उभं राहून ऐकावं अशा विनंतीसह, मी जाहीर करतो की खारघरला राहून, खारघरहून रिक्षाने जाता येईल असं गाव बघायला आधी कोचीपर्यंत जाऊन तिथून समुद्रमार्गे परत येणारा माणूस या भूतलावर एकच झाला आहे, आणि तो माझा साडू आहे. मोठमोठे दर्यावर्दी वाट चुकून भलत्याच किनाऱ्याला लागले. आमचे साडू वाट न चुकता, तिकीट काढून, गळ्यात बोटीचं ओळखपत्र अडकवून आपल्याच खाडीत उतरले. आणि मी त्यांच्यासोबत होतो, कारण माझं ओळखपत्रही त्यांनीच काढलं होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वभावाने गरीब, बोलायला हळू, आणि दोष म्हणाल तर एकच: ते लक्षात येत नाहीत. कोणाच्याच. मॉलची आपोआप उघडणारी दारं त्यांच्यासाठी उघडत नाहीत. ते काचेपुढे उभे राहतात, मागून कोणी आलं की त्याच्याबरोबर आत शिरतात. हात पुढे केला की पाणी सोडणारे नळ त्यांच्या हाताला हात मानत नाहीत. सोसायटीचा वॉचमन त्यांना रोज संध्याकाळी विचारतो, "कोणाकडे जायचंय?" आणि हे रोज स्वतःचं नाव आणि फ्लॅट नंबर सांगून स्वतःच्या घरी जातात. हॉटेलात वेटर सगळ्यांना पाणी देतो आणि यांच्यापुढचं टेबल पुसून निघून जातो. मी तावातावाने उठलो की ते माझी बाही धरतात. "असू दे हो साडूभाऊ. सवय आहे. उशिरा येतं, पण येतं."

माझ्या लग्नाचा अल्बम काढून बघा. सासरच्या मंडळींच्या फोटोत मधोमध एका माणसाएवढी जागा आहे, आणि सगळे त्या जागेला सांभाळून उभे राहिल्यासारखे दिसतात. साडू म्हणतात, तिथे मी होतो. त्या क्षणी कोणाचा तरी हात वर गेला, कोणाचा तरी पदर उडाला. असेल. पण एकदा त्यांच्या हॉलमध्ये दिवेलागणीच्या वेळी एकटाच बसून मी फोनवर मित्राशी मोकळेपणाने, म्हणजे नातेवाइकांबद्दल जितक्या मोकळेपणाने बोलायला हवं तितक्या, बोलत होतो. फोन ठेवला आणि शेजारची खुर्ची म्हणाली, "चहा टाकू?" त्या दिवसापासून माझी बायको त्यांच्या घरात शिरली की आधी प्रत्येक खुर्चीकडे बघून मोठ्याने विचारते, "भाऊजी, आहात का?"

हा माणूस जन्माने दिवाळ्याचा. बेलापूरच्या खाडीवरचं कोळ्यांचं गाव. वडील होडीवर, आजोबा होडीवर, थोरला भाऊ तर होडीतच जन्मल्यासारखा. आणि साडूंना बोट लागते. नुसतं टीव्हीवर समुद्र दिसला तरी ते खुर्चीचा हात घट्ट धरतात. तरुणपणी याच कारणावरून घरात काहीतरी बिनसलं, ते घर सोडून निघाले, बेलापूरला एका ऑफिसात लागले, आमच्या सासरची, साताऱ्याकडची मुलगी केली आणि खारघरला फ्लॅट घेतला. गाव जवळ, पण तिकडे पाऊल म्हणून टाकलं नाही. थोरला भाऊ वारला तेव्हा मात्र गेले होते. स्मशानाच्या फाटकाशी गर्दीत उभे राहिले, खांदा द्यायला पुढे झाले, कोणीतरी "जरा बाजूला" म्हणालं, तर हे बाजूला झाले. अख्ख्या गावात कोणाच्याही लक्षात आलं नाही की सख्खा भाऊ येऊन गेला.

असा माणूस एके दिवशी जेवताना म्हणाला, "आपण चौघं बोटीने फिरायला जाऊ." माझ्या मेहुणीची पोळी तव्यावरच राहिली.

कोचीहून निघालेली ती बोट म्हणजे आडवी केलेली सोसायटी होती. लिफ्ट, पोहण्याचा तलाव, जिथे तिथे सूचना. पहिल्याच दिवशी संकटकाळचा सराव झाला. अधिकाऱ्याने साडूंचं नाव पुकारलं. साडू त्याच्या पुढ्यातच उभे होते, म्हणाले, "हजर." अधिकारी त्यांच्या आरपार बघत पुन्हा नाव पुकारू लागला, आणि शेवटी त्याने मान हलवून नावापुढे काहीतरी फुली मारली. बाकीचा प्रवास साडूंनी डेकवरच्या खुर्चीत, तोंडावर टॉवेल घेऊन, लिंबू हुंगत काढला. एकदा सफाईवाल्याने टॉवेल समजून त्यांच्यासकट घडी घालायला घेतली होती.

मुंबईला बोट दिवसभर थांबणार होती. प्रवाशांसाठी सहली होत्या, त्यात एक स्थानिक खाद्यभ्रमंती: लाँचने बेलापूर, तिथून कोळीवाडा, घरगुती जेवण, सोबत गाइड. दोघी बहिणींनी साफ सांगितलं की बेलापूर बघायला पैसे भरायचे असतील तर आम्ही इथे पाय वर करून झोपतो. गेलो आम्ही दोघं, आणि ऑस्ट्रेलियाचं एक म्हातारं जोडपं: आजी उंच आणि हळवी, आजोबा त्याहून उंच आणि ठार बहिरे. गाइड एक हसतमुख मुलगी, खारघरचीच, पण आम्ही शेजारी आहोत हे सांगायला साडूंनी मला डोळ्यांनीच मनाई केली. "आज आपण पर्यटक. मराठी बंद," ते पुटपुटले. डोक्यावर गवती टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा.

त्या सकाळी खाडीवर वारा नव्हता. पाणी तेलासारखं जड आणि स्वस्थ. उकाड्याची पांढुरकी वाफ अशी साचली होती की मागची आमची एवढी मोठी बोट काही वेळातच पुसली गेली, आणि पुढे सीवूड्सचे टॉवर बुडखे नसल्यासारखे हवेत लटकत होते. दोन्हीकडे खारफुटी चिखलात गुडघाभर रुतून आमच्याकडे बघत उभी. लाँचचं इंजिन सोडलं तर आवाज नाही. आणि या सगळ्यात भयंकर म्हणजे, साडूंना बोट लागत नव्हती. ते ताठ बसले होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सहलीच्या जाहिरातीतला फोटो माझ्यापुढे धरला: निळं दार, बाहेर ओटा, अंगणात शेवग्याचं झाड.

"इथे जेवण आहे," ते म्हणाले. "हे आमचं घर."

मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.

"वहिनी आता पाहुण्यांना जेवू घालते म्हणे. मला एकदा तिच्या हातचं जेवायचंय, साडूभाऊ. तिनेच वाढवलं मला. मी घराबाहेर पडलो तेव्हा तिच्याशी एक शब्द बोललो नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ? पण पर्यटकाला काय, कोणीही वाढतं."

"आणि तिने ओळखलं तर?"

"तर हाकलेल."

"आणि नाही ओळखलं तर?"

साडूंनी फोन खिशात ठेवला. टोपी आणखी खाली ओढली.

दिवाळ्यात उतरलो. गावात माणूस नव्हतं. एरवी जिथे बायकांच्या आवाजाने कान किटतात तिथे मासळीच्या पाट्या पालथ्या पडलेल्या. होड्या ओळीने चिखलात कलंडलेल्या. घरांची दारं सताड उघडी, आत अंधार, आणि प्रत्येक अंगणात जमिनीवर केळीची पानं मांडलेली, भात वाढलेला, वाफ निघणारा, आणि समोर जेवायला कोणीच नाही. कौलांवर, तारांवर, होड्यांच्या काठांवर कावळे बसले होते. तेही गप्प. ऑस्ट्रेलियाच्या आजींनी नवऱ्याचा दंड धरला. गाइड फोनमध्ये बघत म्हणाली, "भरती-ओहोटी तर मी चेक केली होती…" तिच्या फोनमध्ये भरती होती, पौर्णिमा-अमावास्या नव्हत्या. त्या दिवशी सर्वपित्री होती. अख्खं गाव आत, दाराआड उभं राहून, आपापल्या मेलेल्या माणसांची वाट बघत होतं.

निळ्या दारातून वहिनी बाहेर आल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, हातात पळी. कपाळ मोकळं. साडू माझ्या मागे सरकले.

"आज मच्छी-मावरा नाय गावाचा," त्या गाइडला म्हणाल्या. "आज पितरं हायेत. माज्या ध्यानातून तुमचं येनं गेलंच बग. पन आता आलाव ना? बसा. आजच्या दिसाला दारातून कोनाला उपाशी नाय धाडीत."

आम्हाला ओट्यावर बसवलं. पुढ्यात पानं आली: वडे, भोपळ्याची भाजी, अळू, काकडी, खीर. वाढता वाढता वहिनी साडूंच्या पुढून गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते त्यांच्याही लक्षात आले नव्हते. साडूंनी चष्मा काढला, टोपी काढली. तरी नाही.

अंगणात शेवग्याखाली तीन पानं शेजारी शेजारी होती, आणि एक थोडं अंतर सोडून, उंबऱ्याजवळ. आजींनी विचारलं ती कोणाची. गाइडने ते मराठीत विचारलं. वहिनी पळीने दाखवू लागल्या. "ते माज्या सासऱ्याचं. ते सासूचं. ते आमच्या मालकांचं." मग पळी उंबऱ्याजवळच्या पानाकडे वळली आणि थोडी थांबली. "आनि ते धाकल्या दिराचं. गेला."

आता आपल्या भाषेत माणूस ऑफिसला गेला काय आणि जगातून गेला काय, शब्द एकच. गाइडने त्यातला मोठा अर्थ उचलला आणि हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं की यांचे धाकटे दीर निवर्तले. आजींचे डोळे भरले. आजोबांनी खणखणीत आवाजात विचारलं, "कोण मेलं?" आजी त्यांच्या कानात त्याहून मोठ्याने ओरडल्या, "धाकटा भाऊ! बिचारा!" आणि माझ्या शेजारून अगदी बारीक आवाज आला:

"सॉरी."

मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी ते खरंच म्हटलं होतं. त्यांचा चेहरा पानावरच्या भाताच्या रंगाचा झाला होता.

कावळे उतरले. सासऱ्यांचं पान उडवलं, सासूबाईंचं उडवलं, मालकांच्या पानावर तर भांडणं लागली. उंबऱ्याजवळच्या पानाला एकही शिवेना. एक मोठा डोमकावळा उड्या मारत जवळ गेला, मान तिरकी करून त्याने पानाकडे पाहिलं, मग सरळ आमच्या ओट्याकडे, आमच्या दोघांच्या दिशेने पाहिलं, आणि उडून गेला. देवाशप्पथ सांगतो, त्याने साडूंकडेच पाहिलं. त्या दिवसात त्यांना नीट पाहणारा तो पहिलाच.

"दर वर्साला असंच," वहिनी म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही. "बाकीच्यांचं खातात. याच्या पानाला कावला शिवत नाय. मालकांशी भांडून भरल्या पानावरून उठला ना तो. पयला घास पन नवता घेतलेला. सासू मरताना बोलली, त्याचं पान मांडत जा गो, जिता असो नायतर नसो, उपाशी गेलाय. म्हनून मांडते."

गाइड हे सगळं इंग्रजीत सांगायच्या तयारीत होती, तेवढ्यात साडू उठले. त्यांच्यापुढचं पान तसंच होतं, हात न लावलेलं. मी त्यांचा सदरा धरला, पण तो हातातून सुटला. ते ओट्यावरून उतरले, अंगण ओलांडलं, उंबऱ्याजवळ गेले आणि त्या पानासमोर मांडी घालून बसले. गाइड किंचाळली, "सर, नो! ते मेलेल्यांचं आहे!" कावळे एकदम गप्प झाले.

साडूंनी वडा मोडला आणि खाल्ला.

ते डोळे मिटून जेवतात. नेहमीच. खारघरला आम्ही त्यांची यावरून थट्टा करतो. त्या अंगणात मात्र, दुपारच्या त्या पांढऱ्या उन्हात, झाडाखाली सांडलेल्या भातापलीकडे तो माणूस डोळे मिटून घासामागून घास घेत होता आणि कोणाला हसू येत नव्हतं. आजोबासुद्धा हळू आवाजात बोलले, आणि ते त्यांना जमतं हे आजींनाही त्या दिवशीच कळलं असावं. वहिनी पळी धरून उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, "कोन रं तू" असंही विचारलं नाही. साडूंची खीर संपली तेव्हा त्या दोन पावलं पुढे आल्या, वाकून आणखी एक पळी वाढली आणि परत जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. साडूंनी तीही संपवली. पानावर एक शीत ठेवलं नाही.

मग लाँचच्या भोंग्याचा आवाज आला. ओहोटी लागायच्या आत निघायला हवं होतं. गाइड चपला घाला, पर्स घ्या करत सगळ्यांना हाकत होती. साडूंनी पिंपाजवळ हात धुतले, टोपी डोक्यावर ठेवली, चष्मा लावला आणि पुन्हा पर्यटक झाले. मला वाटलं, संपलं. वहिनींना कळलं असेल किंवा नसेल. वाढलं, हे काय कमी झालं? आम्ही फाटकाशी पोचलो. साडू तिथे क्षणभर थांबले, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या तोंडून इतका वेळ अडवून धरलेलं मराठी निसटलं. अगदी पुटपुटल्यासारखं ते म्हणाले, "बरं, जातो."

मागे फरशीवर पळी पडल्याचा खणकन आवाज झाला, आणि साऱ्या दिवाळ्यातले कावळे एकदम उडाले, अशा आवाजात वहिनी ओरडल्या:

"येतो म्हन, मेल्या!"