मॅडमचं ‘समजा’

खडू कानावर अडकवायचा, दोन्ही हात टेबलावर टेकायचे, वर्गावरून एक नजर फिरवायची आणि म्हणायचं, ‘‘समजा...’’ बस्स. मुकुंदवाडीतल्या आमच्या शाळेत पाचवीच्या पन्नास पोरांना गप्प करायला मुख्याध्यापकांचा आवाज पुरत नसे. विज्ञानाच्या मॅडमना तेवढा एक शब्द पुरे होई.

‘‘समजा, जमिनीवर घर्षणच नाय. मामा आत्ता चहा घेऊन निघाले. कुठं थांबतील?’’

‘‘पुढच्या स्टेशनाला, चिकलठाण्याला!’’ पोरं ओरडायची. दारात उभे असलेले शिपाईमामा हातातला ट्रे घट्ट धरायचे.

मामांचं सोडा. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते आणि तुम्हाला म्हणून सांगते, मुळातच भित्री आहे. मधल्या प्लायवूडच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. ‘समजा, गुरुत्वाकर्षण गेलं’ ऐकलं तेव्हा मीही खुर्ची पकडली होती. सुट्टीत मी त्यांना म्हटलं, ‘‘मॅडम, असलं अभद्र कशाला बोलता पोरांपुढं?’’

त्या भाकरी मोडता मोडता हसल्या. ‘‘लई भ्या वाटलं का? वाटू द्या की. भ्या वाटलं की डोकं चालाया लागतं.’’

माझं तर भीतीनं चालतं डोकंही बंद पडतं.

डिसेंबरातली गोष्ट. ऊन छान पडलं होतं. पलीकडून आवाज आला, ‘‘समजा, सूर्य विझला. आत्ता, ह्या घडीला. आपल्याला कधी कळंल? आठ मिनिटांनी! तवर ऊन तसंच पडणार, आपण असेच हसत बसणार.’’ पोरं हसली आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.

सुट्टीनंतर पाचवीवर माझा तास होता आणि नाझिया वर्गात नव्हती. महिन्याभरापूर्वीच शहागंजातून राहायला आलेली, आधी उर्दू शाळेत शिकलेली दहा वर्षांची पोर. तिची आई बाळंतपणासाठी जालन्याला माहेरी गेली होती. शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, ‘‘ती रडत होती मॅडम. म्हणली, अंधार पडायच्या आत अम्मीकडं जायचंय.’’

अंधार? दुपारचा दीड वाजला होता. मग माझ्या लक्षात आलं. नाझियाच्या घरी दखनी उर्दू बोलतात. आपलं ‘समजा’ म्हणजे ‘धरून चाला’, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिच्या बोलीत ‘समजा?’ म्हणजे ‘कळलं का?’ मॅडमनी तिला चक्क बातमी दिली होती. कळलं का, सूर्य विझला. भाषेची शिक्षिका मी, आणि तो शब्द रोज ऐकत होते. हा घोळ मला आधीच कळायला हवा होता.

जालना म्हणजे रेल्वे, आणि स्टेशन शाळेपासून पाच मिनिटांवर. मी मॅडमना हाक मारली आणि आम्ही दोघी पदर खोचून धावलो. वाटेत मॅडमच्या पायातली चप्पल निसटली, तरी त्या थांबल्या नाहीत. तेवढ्यात गाडीचा भोंगा ऐकू आला. डोळ्यांपुढं जे आलं ते इथं लिहवत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी न थांबता धडधडत निघून जात होती. शेवटचा डबा गेला. फलाटाच्या टोकाला, खांबापाशी, नाझिया दप्तर पोटाशी धरून बसलेली दिसली. माझा जीव भांड्यात पडला. मॅडम तिच्यापुढं मटकन खाली बसल्या.

‘‘सूरज बुझ गया ना, मॅडम? तुमीच बोले,’’ ती हुंदके देत म्हणाली. ‘‘पन साया अब्बी बी है. मैं कबसे देख री.’’

सूर्याकडं थेट बघायचं नाही हे मॅडमनीच शिकवलेलं. ते तिनं पाळलं होतं. खांबाच्या सावलीवर नजर ठेवून ती आठ मिनिटं मोजत होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

‘‘नाय गं बाळा, नाय विझला,’’ एवढंच मॅडम म्हणत राहिल्या. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं, सोडतच नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी नाझियाचे अब्बा शाळेत आले. उलट तेच मॅडमची समजूत घालत होते, ‘‘बच्ची है मॅडम, हो जाता.’’ मुख्याध्यापकही काही बोलले नाहीत. बोलले ती मी. ‘‘मॅडम, आता पुरे करा ते ‘समजा’. एखाद्या पोरीचा जीव जायचा.’’

‘‘व्हय,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मॅडम नुसता धडा वाचायला लागल्या, ओळीवर बोट ठेवून. भिंतीपलीकडून हसू येईना. मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडं परभणीला निघून गेल्या.

नवीन शिक्षक येईपर्यंत विज्ञान माझ्याकडं आलं. सहावीच्या पहिल्याच तासाला नाझिया उभी राहिली. आता ती चांगलं मराठी बोलते.

‘‘मॅडम, सूर्य विझल्यावर चंद्र किती वेळ दिसंल?’’

‘‘हे कधी सुचलं तुला?’’

‘‘त्याच दिवशी, स्टेशनवर. पण मी विचारलंच नाय. मला वाटलं, त्या मॅडम परत घाबरतील.’’

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मला उत्तर येत नव्हतं. ज्यांना आलं असतं, त्यांना मीच गप्प केलं होतं.