हवेच्या उशीवरचं विरजण

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बसवलं नाही, दुकानात बसवलं नाही, म्हणून घरच्यांनी मला ट्रकवर बसवलं. तिथं निदान बूड हलतं राहतं. साठ सालच्या आसपास मी शहाद्याहून तळोद्याकडे ट्रक हाकायचो. जाताना रिकामा, येताना कापसानं नाहीतर केळीच्या घडांनी भरलेला. रस्ता कसला, नाल्यांमधून काढलेली वाट होती. रिकामा ट्रक त्यावर असा आदळायचा की दातांवर दात वाजायचे.

त्या वर्षी बायकोला दिवस गेले होते. आधीच्या खेपेला ती सातव्या महिन्यात एस.टी.नं माहेरी गेली आणि तिथं पोचताच पोटातलं गेलं. ते हादऱ्यांनी गेलं की मुळातच टिकणारं नव्हतं, कोण जाणे. पण सासूबाईंनी दोष गाडीला दिला आणि चाकावर बसायला तिला बंदी केली. माझी आई नव्हती. सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सासूबाईंना तळोद्याच्या वाटेवरचं त्यांचं गाव सोडता येत नव्हतं. बायकोला तर आईच हवी होती. रात्रंदिवस एकच धोशा. मलाही भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडतो.

शहाद्याच्या स्टँडजवळ माझा एक दोस्त पंक्चर काढायचा. मी त्याला म्हटलं, काहीतरी कर. त्यानं जीपच्या जुन्या ट्यूब दुमडल्या, टायरच्या कापलेल्या तुकड्यांत शिवल्या आणि मागच्या आसावर दोन्ही बाजूंना चासीच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या, खाली लोखंडी पट्ट्यांत बसवल्या. स्प्रिंगच्या पाट्यांना हवेच्या उशांची मदत. हवा भरायची तोंडं बाहेर काढली, सायलेन्सरच्या बाजूला पत्रा ठोकला.

"हवा जितली जास्त तितली गादी मऊ," तो म्हणाला. मी घाम गळेपर्यंत पंप मारला.

मी उड्या मारतच सासूबाईंना सांगायला गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "गाडीमा दही जमनं ते मन्ही पोर बसी. नही ते नही."

त्यांच्या घरात दुधाचा धंदा. विरजण लावलेल्या मडक्याला त्यांच्याकडे कोणी धक्का लागू देत नसे. हललं की दही फुटतं, हे त्यांचं शास्त्र. आता त्या शास्त्रावर माझ्या ट्रकची परीक्षा.

मग सुरू झाला खेळ. बायको पहाटे कोमट दुधाला विरजण लावून छोटं मडकं द्यायची, मी ते इंजिनाशेजारी गोणपाटात खोचून निघायचो आणि सासूबाई झाकण उघडायच्या. पहिल्या खेपेला मडक्यात कमी आणि माझ्या धोतरावर जास्त होतं. सासूबाईंनी मडकं धुऊन माझ्या हातात परत दिलं. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन मी पंक्चरवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. बायको ओट्यावरून ऐकत होती. म्हणाली, "गच्च भरेल उशीवर मान दुखस. हवा काढा ना जराशी."

मी काढली. खरंच, रिकामा ट्रक गच्च उशांवर लाकडासारखा उड्या मारत होता, तो खाली टेकला. जाताना थोडी हवा, भरून येताना पुन्हा पंप. रोज उशा हातानं दाबून पाहायच्या, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच होती. तरी दही काही जमेना. मी पोचायचोच इतका लवकर, की ते अजून दूधच असायचं.

मग एकदा पत्रा सरकला आणि सायलेन्सरच्या आचेनं डावी उशी झिरपू लागली. दर नाल्याला उतरून पंप मारायचा, पुन्हा गोगलगायीसारखं चालायचं. मी रस्त्याला, ट्यूबला, दोस्ताला शिव्या घालत दुपार उलटून गेल्यावर पोचलो. सासूबाईंनी मडक्यात बोट घातलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले.

"आना मन्ही पोरले," त्या म्हणाल्या.

डाव्या बाजूला नवी ट्यूब घातली, पत्रा घट्ट केला, गादीवर गोधड्या टाकल्या आणि बायकोला बसवलं. तिनं हट्टानं विरजणाचं मडकं मांडीत घेतलं. मी आयुष्यात इतका हळू कधीच चाललो नाही. बैलगाड्या पुढे जात होत्या. ती हसत म्हणाली, "आज कसं बसाय ऱ्हायनं तुम्हले?" माझे कान मागच्या उशांकडे होते.

गाव दिसत असताना, शेवटच्या नाल्यात, उजवी उशी फाटली. जुन्या ट्यूबकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मागचं चाक दाणकन आदळलं. "आई वं," ती म्हणाली आणि पोट धरून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "चाला, काही नही." तिचा चेहरा पांढरा पडला होता.

दारात सासूबाई धावत आल्या आणि लेकीला धरून आत घेऊन गेल्या. मडकं माझ्या हातात राहिलं. मी झाकण उघडलं. दही पार फुटलं होतं, वर नुसतं पाणी. आतून त्यांचा आवाज आला, "मडकं आना इकडे." मी मडकं तोंडाला लावलं आणि उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं.

"भूक लागली होती," मी रिकामं मडकं पुढे करत म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मडकं घेतलं आणि घासायला ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. जेवण जाईना. स्टँडवर कोणी हाक मारली की वाटायचं, तिकडचा निरोप आला. काही ना काही भाडं काढून मी त्या गावाला जायचो, दारातूनच तिला बघायचो आणि परत फिरायचो. त्या दह्याचं मी कोणाला सांगितलं नाही.

मुलगी झाली. धडधाकट, आणि रडायला माझ्यासारखी तापट. सासूबाईंनी तिला माझ्या हातात दिलं. मला रडू आवरेना.

मग त्या हळूच म्हणाल्या, "त्या दिन तुम्हनी मिशीले फुटेल दही लागेल व्हतं."

माझा एक हात आपसूक मिशीवर गेला.

"मी बी कोनलेच सांगं नही," त्या म्हणाल्या, आणि पदरानं आधी डोळे पुसले, मग लेकराचं तोंड.