नसरीनची मॅन्युअलं

हे गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं—बायकोलाही नाही. आणि आता सांगताना हळवं व्हायचं नाही, असं ठरवलंय. 'त्या वयात होतं असं' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. त्याहून जास्त माझी स्वतःची.

नसरीन माझ्या वर्गात होती, अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. दोघंही अकोल्याचे. काचेवर प्लास्टिकच्या काडीनं लिहायचे, तळहाताएवढे कॉम्प्युटर तेव्हा नवे होते. कॉलेजात एकच, तोही प्रोजेक्ट तपासणाऱ्या सरांच्या कपाटात. त्याचे प्रोग्राम कसे लिहायचे हे सांगणारी दोन जाड मॅन्युअलं तिच्या चाचांनी दुबईहून पाठवली. महिनाभर ती वाचत होती. समासात पेन्सिलीनं मराठीत टिपणं—काडी कुठून वळली की 'क', कुठून वळली की 'फ', शिरोरेषा आधी ओढली तर काय. काडीनं लिहिलेलं मराठी यंत्राला वाचता यावं, हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट.

माझा विषयसुद्धा ठरला नव्हता. दोन दिवसांसाठी मॅन्युअलं मागितली. तिनं दिली. मी म्हणालो, एसटीत राहिली.

भांडली असती तरी चाललं असतं! पण ती मला घेऊन तीन दिवस डेपोत आली. आणि मी खिडकीशी वाकून विचारत होतो, "साहेब, दोन जाडी पुस्तकं भेटली का?" पुस्तकं माझ्या गादीखाली होती. किती निर्लज्ज असावं माणसानं?

मग प्रोजेक्ट दाखवायचा दिवस. समासातल्या टिपणांवरून मी तिचंच सगळं मांडलं. ती उभी राहिली. "सर, हे माहं आहे."

सरांनी पुरावा मागितला. तिच्याकडे काय होतं? टिपणं तर माझ्या गादीखाली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. इथे तरी—

मी म्हणालो, "मले नाई माहीत सर, हे कावून असं म्हणून राह्यली."

सगळ्या वर्गादेखत तिला खोटारडी ठरवलं. सरांनी माफी मागायला सांगितली. तिनं मागितली नाही. पिशवी उचलून निघून गेली. दुसराच काहीतरी किरकोळ विषय घेऊन कशीबशी पास झाली. मला नोकरी लागली.

गेल्या महिन्यात कॉलेजात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं. मी ती मॅन्युअलं दिली—मिरवायला, दुसरं काय? एका मुलीनं विचारलं, "सर, हे पेन्सिलीचं अक्षर कोणाचं?"

"माझंच."

पन्नाशी उलटलेला माणूस मी. आता कोणतं वय आड येत होतं?

त्याच आठवड्यात मॅन्युअलं परत घेतली आणि अकोल्याला गेलो. नसरीन तिथे उर्दू शाळेत गणित शिकवते. दारातच तिच्या हातात दिली. चोरली होती, खोटं बोललो होतो, असं तोंडानं सांगितलं. तिनं एक पान उघडलं, समासावर बोट ठेवलं, बराच वेळ वाचत राहिली.

"अक्षर माहंच आहे," ती म्हणाली. "पण यातलं मले आता काई समजत नाई."

तेव्हा तिला सगळं समजत होतं. वर्गात दुसऱ्या कुणालाच समजत नव्हतं—मलाही नाही.