हिरव्याचा निळा

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून बसने नोएडाला जायचं आणि दिवसभर एका हिरव्या कणाला छळायचं, ही माझी नोकरी. ऑलिव्हिन हे साधं, हिरवट खनिज. जमिनीखाली शेकडो किलोमीटरवर, तिथल्या दाबात आणि उष्णतेत त्याचे अणू दाटीवाटीने नव्या रचनेत बसतात आणि ते निळं होतं. तो निळा कण मला हवा होता. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये हिरवा कण ठेवायचा, स्क्रू आवळून दाब द्यायचा, भोवतीच्या तारेने तापवायचा. बाहेर काढला की दरवेळी हिरवाच.

दिवस उदारीकरणाचे. संस्थेला वरून सांगणं आलं होतं, स्वतःचं स्वतः कमवा. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते आणि तपासणीसाठी बिल्डरांच्या सिमेंटची पोती आमच्या दाराशी येऊन पडत. माझे सर म्हणाले, "इस महीने कुछ नहीं निकला तो आप सीमेंट देखेंगी।" सिमेंटवर माझा राग नव्हता, पण त्यासाठी मी नागपूर सोडलं नव्हतं.

सर हिऱ्यांना फार जपत. तडा जाऊ नये म्हणून उष्णता आणि दाब दोन्ही बरोबरीने, हळूहळू उतरवायचे, हा त्यांचा नियम. मध्येच लाइट गेली तर प्रयोग फुकट. कण न बघताच पुसून टाकायचा, नवा भरायचा. आणि नोएडात लाइट जायला निमित्त लागत नसे.

त्या दुपारीही गेली. तार विझली. "गया। खोलिए, साफ कीजिए," सर खुर्चीतूनच म्हणाले. मी इतकी वैतागले होते की स्क्रूला हातच लावला नाही, तशीच बसून राहिले. बसल्या बसल्या डोक्यात आलं, गॅस बंद केल्याबरोबर कुकरचं झाकण कोणी उघडतं का? इथे उष्णता गेली होती, दाब मात्र जसाच्या तसा होता. आमच्या नियमात दाब उतरताना कण गरमच असायचा. जुन्या रचनेत परतायला त्याला आयती सवलत.

सगळं गार झाल्यावर स्क्रू सोडले. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद, म्हणून त्याचा आरसा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला. कण निळा होता. चांगला गडद निळा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्ष-किरणांनीही तेच सांगितलं आणि सिमेंटची पोती दुसऱ्याच्या टेबलाशी गेली. पण त्या दुपारी सर भिंगावरून डोळा काढायला तयार नव्हते. शेवटी हळूच म्हणाले, "मैडम, लाइट तो पहले भी कितनी बार गई थी।"

कण पुसायचा कापूस टेबलावर तसाच पडला होता. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.