हिंगातलं पीठ

गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्याला सोसत नाही, हे कळल्यावर मी चपाती सोडली, बिस्किटं सोडली, लग्नाच्या पंक्तीतून नुसता वरणभात खाऊन उठू लागले. कवठे महांकाळच्या आमच्या घरात बाजरीची भाकरी रोजचीच, त्यामुळे फारसं अडलं नाही. पण पोट निवलं ते निम्मंच. फुगायचं, दुखायचं. सासूबाई बिचाऱ्या माझ्या आमटीत मुद्दाम जास्त हिंग घालायच्या. "पोटाला बरा असतोय," म्हणायच्या. मी आणखीच खंगत गेले.

सांगलीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि माझ्यासमोर नवऱ्याला विचारलं, "या चोरून काही खातात का?"

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर नवऱ्याने चहाला गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "खरं सांग. खारीबिरी खाल्लीस का?"

"मी चोर वाटते व्हय तुमाला?" मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी आल्याबरोबर स्वयंपाकघरातलं एकूण एक पाकीट जमिनीवर काढलं. मोबाईलवर फोटो काढून मोठे करून वाचत सुटले. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ आणि सगळ्यांत शेवटी हिंग.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी डबी माझ्या हातातून ओढून घेतली. "हिंगात पीठ? आन् मी माज्या हातानं घालत हुते गं तुला!" मग एकदम भडकल्या, "मेल्यांनी वर हिंग म्हून का लिवलं मग?"

पुढच्या वेळी मी ती डबी डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. ते शांतपणे म्हणाले, "हो, बऱ्याच हिंगांत असतं पीठ."

"माहीत होतं तर हिंगाचं का नाही विचारलंत? चोरीचं बरं विचारलंत!"

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. नवरा खाली बघत उभा होता.

आता आमटीला फक्त जिरं-लसूण. महिन्याभरात पोट शांत झालं, अंग भरलं. नवरा हल्ली दुकानात चष्मा लावून मसाल्याची पाकिटं उलटीपालटी करतो, "यात बी गहू हाय," असं मोठ्याने सांगतो. दुकानदार कौतुक करतो, वहिनींची किती काळजी म्हणून. मी पिशवी उचलून चालू लागते. चुकलं, एवढा एक शब्द त्याच्या तोंडून अजून आलेला नाही.