दाढीतला गुलाल

तमाशाच्या फडात मी राजा व्हायचो. पण कर्जतजवळच्या आमच्या गावात खरा दरबार भरायचा दर्ग्याच्या ओट्यावर, आणि तिथे पहिला मान खाजाभाईंचा. जमातीतले सगळ्यांत वडीलधारे. कुणाचं लग्न मोडू द्यायचे नाहीत, कुणाची मयत एकटी जाऊ द्यायचे नाहीत. माझा फड बंद पडला तेव्हा याच माणसाने मला त्या ओट्यावर स्वतःशेजारी बसवलं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्याकडे एक रिवाज आहे. उमेदवाराने पिरापुढे नारळ आणायचा. खाजाभाईंनी तो हातात घेतला की मोहल्ल्याची मतं त्याची.

यंदा आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव झाली. पॅनेलप्रमुख हनुमंतने बायकोसाठी नारळ आणला आणि खाजाभाईंनी घेतला. त्याच सकाळी त्यांच्या पुतण्याची बायको हुमेरा अर्ज भरायला निघाली, तेव्हा त्यांनी तिच्याही डोक्यावर हात ठेवला होता. मुख्य उमेदवाराच्या मागे एक डमी अर्ज भरून ठेवतात, हाही तसलाच असेल, असं ते समजले. विचारलं मात्र नाही.

माघारीच्या दिवशी कळलं, हुमेरा खरोखर उभी आहे आणि बचत गटाच्या बायका तिच्यामागे आहेत. खाजाभाई तिच्या दारात गेले. सोबत मीही होतो.

"पोरी, अर्ज काढून घे. पिरापुढं नारळ घेतलाय मी."

"चाचा, माझ्या डोक्यावर हात पन तुमीच ठेवला हुता."

"मला वाटलं डमी हाय."

"व्हय. आमी बायका तुमाला डमीच!"

तिची सासू शरिफा आतून म्हणाली, "भाईजान, नारळ तरी हलवून बघितला का? का तोबी न इचारताच घेतला?"

खाजाभाईंची मान खाली गेली. "शब्द मोडला तर मी जमातीत बसू कसा?"

हुमेराने ओढणी सारखी केली. "चला. तुमच्यासाठी काढते. पन मला हे पटलं न्हाई, ध्यानात ठेवा."

तहसिलात सही करताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

हनुमंतची बायको बिनविरोध निवडून आली. मिरवणुकीत हनुमंतने मूठभर गुलाल खाजाभाईंच्या पांढऱ्या दाढीला फासला आणि माइकवर ओरडला, "मोहल्ला म्हंजे आमच्या खाजाभाईंचा खिसा! हात घातला की मतं!"

लोक हसले. मोहल्ल्यातल्या बायका दारांत उभ्या होत्या; त्यांच्यातलं कुणी हसलं नाही. भर रंगमंचावर वाक्य विसरलेला नट मी पुष्कळदा पाहिलाय. हातांचं काय करावं हेच त्याला कळत नाही. खाजाभाई तसे उभे होते.

त्या शुक्रवारी नमाजाला ते पहिल्या रांगेत नव्हते. अगदी मागे, चपलांजवळ उभे राहिले.

दाढी धुऊनही गुलाबीच राहिली. फडात तोंडाचा रंग आम्ही खोबरेल तेलाने काढायचो. मी बाटली घेऊन गेलो.

"लावा खाजाभाई, आत्ता निघंल."

त्यांनी बाटलीचं झाकण लावून ती माझ्या हातात परत दिली.

"नको रंगनाथ. हुमेराच्या दारावरनंच माझी वाट हाय. दिसू दे तिला."